कलम कोणाचं?

धंद्याचं नाव मोकळं आहे की आधीच कुणी घेतलंय, हे बघणं वकिलाचं काम, असं आपण धरून चालतो. मला हे मान्य नाही. ते आधी भाषेचं काम आहे, कानाचं काम आहे. अर्ज, फी, नोटिसा, उत्तरं हे सगळं त्यानंतरचं. पहिलं काम धड न करता दुसऱ्याला पैसे मोजले की छापलेली कव्हरं रद्दीत जातात आणि वर ‘बायकांना धंदा जमत नाही’ असं ऐकून घ्यावं लागतं. रायगडच्या किनाऱ्यावर हे वारंवार होतंय, म्हणून लिहितोय.

२०१८ साली महाराष्ट्रात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. त्यानंतर आपल्याकडच्या कितीतरी बचत गटांनी कागदी पिशव्या करून पाहिल्या. पिशवीवरून लिफाफा, लिफाफ्यावरून फाईल, फाईलवरून शाळेची वही. जूनमध्ये शाळा उघडताना गावातल्याच बायकांनी शिवलेली वही मिळाली तर लोक घेतात. मग कुणीतरी म्हणतं, आपल्या वहीला नाव हवं. मी उर्दू आणि मराठी शिकवतो, त्यामुळे नावाचा विषय निघाला की सगळ्या माझ्याकडे येतात. “सर, एखादं छानसं नाव सांगा ना.” छानसं नाव कुणीही सांगेल. ते आपल्याला लाभेल का, हे सांगणारा मात्र कुणी नसतो.

असाच एक गट. त्यात आमच्यातल्या आहेत, कोळणी आहेत, आगरी समाजाच्या बायका आहेत. त्यांना ‘कलम’ हे नाव आवडलं. एका एजंटाने संगणकावर ते इंग्रजीत टाकलं, शेवटी दोन एम लावून. तंतोतंत तसं नाव कुणाचं नव्हतं. “मोकळं आहे,” तो म्हणाला आणि नऊ हजार मागितले. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग म्हणून ऑनलाइन अर्ज केला तर सरकारी फी एका वर्गाला साडेचार हजार आहे. बाकीचे साडेचार हजार त्याने दुसऱ्या एमचे लावले, असंच मी समजतो.

हा दुसरा एम म्हणजे निव्वळ फसवणूक आहे. स्पेलिंग बदललं की नाव बदलतं, हा समज ज्याने पसरवला त्याला ट्रेडमार्क कायद्याचा पहिला धडाही ठाऊक नाही, किंवा ठाऊक असून तो गप्प बसलाय. गिऱ्हाईक दुकानात स्पेलिंग सांगत नाही. “ती कलमवाली वही द्या,” असं म्हणतं. दुकानदार ते कानाने ऐकतो. कोर्टही कानानेच ऐकतं.

१९६९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे तपकिरीचा एक खटला होता. एकाची तपकीर ‘अंबाळ’ नावाने चालायची, दुसऱ्याला ‘आंडाळ’ नोंदवायचं होतं. दुसऱ्याचं म्हणणं असं की, अंबाळ म्हणजे पार्वती, आंडाळ ही वेगळी देवी, कुठल्याही हिंदूला हा फरक कळतो. न्यायालयाने सांगितलं की दक्षिणेतल्या हिंदूंना कळत असेल, पण तपकीर घेणारे सगळे तेच नाहीत. ज्याला अर्थ माहीत नाही त्याच्या कानाला दोन्ही सारखेच लागतात. नोंदणी नाकारली गेली. आपल्या किनाऱ्यावर हा निकाल फळ्यावर लिहून ठेवावा असा आहे. कारण इथे एकाच दुकानात मराठी, उर्दू, कोकणी, आगरी, हिंदी अशा पाच तऱ्हेच्या तोंडांनी एकच नाव घेतलं जातं.

आता ‘कलम’च घ्या. उर्दूत त्याचं पहिलं अक्षर क़ाफ़. ते घशातून काढणारा इंग्रजीत क्यू लिहितो, न काढणारा के लिहितो. मराठीत नुक्ता गळून पडतो आणि उरतो साधा क. कुणी एक ए लिहितो, कुणी दोन. या सगळ्यांचा आवाज मात्र एकच. एजंटाने यातलं एक रूप तपासलं आणि बाकीची सोडून दिली. सरकारच्या ट्रेडमार्क नोंदणीच्या संकेतस्थळावर शोध फुकट करता येतो आणि तिथे तीन वाटा दिलेल्या आहेत. एक शब्दाची: तंतोतंत जुळणारा, त्याने सुरू होणारा, किंवा मधे कुठेही तो असणारा. दुसरी उच्चाराची. तिसरी चित्राची, म्हणजे चिन्हात मोर असेल, पेन असेल, सूर्य असेल, तर त्या चित्राच्या ठरावीक क्रमांकावरून शोधायची. आम्ही उच्चाराच्या वाटेने गेलो तेव्हा सारख्या नि जवळपासच्या नावांची यादीच पडद्यावर आली. एजंटाला हे बटण दिसलं नसेल, यावर माझा विश्वास नाही.

आवाजानंतर अर्थ. कोकणात कलम म्हणजे हापूसचं झाड. उर्दूत कलम म्हणजे लेखणी. कचेरीत कलम म्हणजे कायद्याचा तुकडा. शब्द एक, पण तो कुठल्या मालावर बसतो त्यावर त्याची ताकद ठरते. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याचं कलम ९ सांगतं की जो शब्द मालाचा प्रकार, गुण, उपयोग किंवा मूळ ठिकाण एवढंच सांगतो, तो साधारणपणे कुणा एकाला देता येत नाही. म्हणजे पेन-पेन्सिलीला ‘कलम’ दुबळं, आंब्याच्या रोपवाटिकेलाही दुबळं. साबणाला कदाचित चालेल. ‘सुंदर अक्षर’, ‘शुभ्र कागद’, ‘अलिबाग वही’ या नावांची गत तीच. गावाचं नाव गावाचं असतं. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते कुणा एका व्यापाऱ्याचं म्हणून नव्हे, तर त्या मातीत तो पिकवणाऱ्या सगळ्यांचं म्हणून.

मग चांगलं नाव कसं असतं? १९३१ साली मुंबईत दांडेकर बंधूंनी शाईचा धंदा सुरू केला. पुढे ‘कॅमल’ आणि ‘इंक’ जोडून ‘कॅमलिन’ झालं. हा शब्द कुठल्याच कोशात नव्हता, म्हणून तो त्यांचा झाला. आपल्या घरातल्या प्रत्येक मुलाने त्यांच्या रंगात बोटं बुडवली आहेत आणि त्या कंपनीचा एक कारखाना आज आपल्याच जिल्ह्यात पाताळगंगेला आहे. जोडशब्द घडवणं आपण सातवी-आठवीला शिकवतो. ते परीक्षेच्या दोन मार्कांपुरतं ठेवायचं की पोटापाण्याला लावायचं, एवढाच प्रश्न आहे.

अर्थाची दुसरी गंमत त्याच गटाच्या बैठकीत कळली. एका ताईंनी ‘नवी वही’ असं नाव सुचवलं. मराठीत किती साधं, किती स्वच्छ! पण आमच्याकडच्या दोघी एकमेकींकडे बघू लागल्या. उर्दूत मोठ्या ‘हे’ने लिहिलेली ‘वही’ म्हणजे पैगंबरांवर उतरलेला ईश्वरी संदेश. ‘नवी वही’ म्हटलं की आमच्या कानाला काय ऐकू येतं, हे समजून घ्यायला मौलवी लागत नाही. सुचवणाऱ्या ताईंच्या मनात काहीच नव्हतं. समजल्यावर त्याही हसल्या आणि सगळ्याच हसल्या. पण हेच नाव पाच हजार कव्हरांवर छापून बाजारात गेलं असतं तर? कलम ९ मध्येच लिहिलंय की कोणत्याही समाजाच्या धार्मिक भावना दुखावणारं चिन्ह नोंदता येत नाही. आणि नोंदणीपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे गावातली सलोख्याची बैठक. ती एका नावावरून मोडू नये. ही तपासणी कुठलंही संकेतस्थळ करून देणार नाही. त्यासाठी एकमेकींच्या भाषा ऐकणाऱ्या बायकाच लागतात.

अशीच एक गोष्ट छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाची. रायगडात राहून ते नाव आपल्या वहीला द्यावंसं वाटणं साहजिक आहे. पण चिन्हं आणि नावं यांच्या गैरवापराविरुद्धचा १९५० चा केंद्राचा कायदा आहे. त्याच्या यादीत महाराजांचं नाव आणि चित्र दोन्ही आहेत, तसंच महात्मा गांधींचंही. व्यापारासाठी ते परवानगीशिवाय वापरता येत नाही. सवलत आहे ती कॅलेंडरवरच्या चित्राला, तीही छापणाऱ्याचं आणि तयार करणाऱ्याचं नाव सोडून त्यावर मालाची जाहिरात नसेल तर. किती छापखाने हे गिऱ्हाइकाला सांगतात?

अर्थाचा तिसरा फेरा भाषांतराचा. ‘मयूर’ नाव कुणाचं असेल तर ‘पीकॉक’ घेऊन सुटका होत नाही. दिल्ली उच्च न्यायालयात प्लॅस्टिकच्या मालावरून याच दोन शब्दांचा वाद झाला होता आणि भाषांतर केलं म्हणून नाव वेगळं झालं, हे तिथे चाललं नाही. म्हणून ‘सूर्य’ तपासताना ‘सन’, ‘रवी’, ‘आफताब’ हेही तपासायचे. समानार्थी शब्द! हेच तर आम्ही वर्षानुवर्षं पाठ करून घेतो. आणि ज्या नियमांनी ही नोंदणी चालते, त्या २०१७ च्या नियमांत म्हटलंय की नाव ‘हिंदी किंवा इंग्रजी’ सोडून दुसऱ्या लिपीत असेल तर त्याचं अचूक लिप्यंतर आणि भाषांतर अर्जात द्यावं. हिंदी ही लिपी नाही, भाषा आहे. लिपी देवनागरी. नियम लिहिणाऱ्याला हे कुणी सांगायचं? पण त्यातला ‘अचूक’ हा शब्द महत्त्वाचा. उर्दूतल्या नावाचं अचूक भाषांतर इंग्रजी टायपिंगच्या दुकानात होणार आहे का?

नंतर वर्ग. कागद, पुठ्ठा, वही, लिफाफा, पेन, पेन्सिल, कागदी पिशवी हे सगळं वर्ग १६ मध्ये येतं. पण छापील पुस्तकं, मासिकं, वर्तमानपत्रंही त्याच वर्गात बसतात, हे फार थोड्यांना माहीत असतं. म्हणजे तुमच्या वहीचं नाव एखाद्या दैनिकाच्या किंवा प्रकाशनाच्या नावावर आदळू शकतं. उलट, कागदी बशी वर्ग २१ मध्ये, दप्तराची बॅग वर्ग १८ मध्ये. गट तिन्ही वस्तू करत असेल तर एका वर्गाची पावती हातात घेऊन निर्धास्त राहू नये.

आणि एवढं सगळं करूनही काम अर्धंच झालेलं असतं. कारण नोंदवहीत नसलेलं नाव बाजारात असू शकतं. आपला कायदा आधी वापरणाऱ्याला मान देतो. कलम ३४ प्रमाणे, जो तुमच्या आधीपासून सलग ते नाव वापरतोय त्याला तुमचं नोंदणीपत्र रोखू शकत नाही. तिरुनेलवेलीच्या ‘इरुट्टुकडै’ हलव्याच्या खटल्यात २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच पुन्हा ठणकावलं की आधीच्या वापराचा हक्क नोंदणीपेक्षा वरचढ. म्हणून संगणक बंद करून बाजार फिरायचा. मुंबईला अब्दुल रहमान स्ट्रीटला जाऊन घाऊकवाल्यांना विचारायचं, या नावाची वही आलीय का कधी? तिथे आपल्या भागातल्या कुणाचा तरी मामा, कुणाचा तरी भाचा कामाला असतोच. आणि हाच नियम तुमच्याही बाजूने उभा राहतो. पहिल्या विक्रीचं बिल, पहिल्या छपाईची पावती, तारखेसह सांभाळून ठेवा. उद्या कुणी मोठा आला तर तीच ढाल.

यावर मला दोन उत्तरं हमखास ऐकायला मिळतात. पहिलं असं: “सर, मोठ्या ब्रँडसारखं नाव ठेवलं तर खपतं. पोरांना कुठे कळतं?” पोरांना कळत नाही, म्हणूनच ते जास्त वाईट. पहिलीतलं पोर पेन्सिलीवरचं नाव वाचत नाही, पट्ट्यांचा रंग ओळखतं. त्याच्या न कळण्यावर धंदा उभा करणं याला हुशारी म्हणत नाहीत. मुंबईच्या हिंदुस्तान पेन्सिल्सची ‘नटराज’ आपण सगळ्यांनी वापरली. त्या नावावरून स्टेशनरीच्या एका व्यापाऱ्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात खटला झाला. १९८९ च्या त्या निकालातलं तत्त्व आजही सांगितलं जातं: दुसऱ्याचं नाव जाणूनबुजून उचलणाऱ्याला, ‘इतकी वर्षं तुम्ही गप्प का होता’ असं म्हणून सुटता येत नाही. चोरी जुनी झाली म्हणून मालकी होत नाही. आपल्या घरात हलालची चर्चा ताटापाशी सुरू होते आणि ताटापाशीच संपते. दुसऱ्याच्या नावावर विकलेल्या वहीचे पैसे कुठल्या खात्यात धरायचे, हे मी विचारलं की सगळे पंख्याकडे बघतात.

दुसरं उत्तर याच्या उलट: “गरीब बायकांनी कशाला पडावं यात? कुठल्या तरी कंपनीने नोटीस पाठवली की संपलं.” ही भीती पेरणारे तेच एजंट असतात, कारण भीतीवर फी वाढते. कायदा मोठ्यांना भाषा विकत देत नाही. अगरबत्तीवर ‘रामायण’ या नावाची मक्तेदारी मागणाऱ्याला २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पवित्र ग्रंथाचं नुसतं नाव कुणा एकाच्या मालकीचं होऊ शकत नाही. रोजच्या वापरातल्या शब्दांवर कुणी कुंपण घालत असेल तर बोलायला जागा आहे. अर्ज जाहीर झाल्यापासून चार महिन्यांत कुणालाही विरोध नोंदवता येतो. पण आपण तपासणी केलेली असेल तरच ताठ मानेने बोलता येतं. न बघता नाव ठेवलेल्याला नोटीस आली की तो आधी घाबरतो आणि मग वकील शोधतो.

आता सगळ्यात दुखरी गोष्ट. नाव नोंदवायचं कोणाच्या नावावर? बऱ्याच ठिकाणी अध्यक्षांच्या नावावर अर्ज जातो, कारण आधार, पॅन, बँक खातं त्यांचं तयार असतं. सात वर्षांनी त्यांचं आणि गटाचं बिनसलं, किंवा त्या मुलाकडे आखातात गेल्या, की नाव कुणाचं? कागदावर त्यांचंच. नोंदणी दहा वर्षांची असते आणि पुढे नूतनीकरण करता येतं. म्हणजे पंधरा जणींनी बोटं कापून घेत शिवलेल्या वह्यांचं नाव एकीच्या कपाटात राहणार. कायद्यात समूहाच्या चिन्हाची सोय आहे. सगळ्यांची नावं घालून अर्ज करायची वाट आहे. एजंट ती सांगत नाही, कारण त्यात सह्या जास्त आणि कटकट जास्त. उद्यमचं प्रमाणपत्र किंवा दुकानाचा परवाना हातात आला म्हणजे नाव आपलं झालं, हाही असाच पसरवलेला भ्रम. त्या कागदांचा नावाच्या मालकीशी संबंध नाही. आणि नोंदणी होण्याआधी कव्हरवर गोलातला आर छापणं तर बेकायदेशीर आहे; पूर्वी त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती, आता आर्थिक दंड होऊ शकतो. तोवर टीएम ही दोन अक्षरं पुरतात.

‘उमेद’ अभियानात गटांना दशसूत्री शिकवली जाते: नियमित बैठक, बचत, कर्जवाटप, परतफेड, हिशेब आणि पुढच्या पाच. चांगली सूत्रं आहेत, बायका ती तोंडपाठ म्हणतात. माझी मागणी साधी आहे. जो गट वस्तू करून विकतो, त्याला अकरावं सूत्र द्या: नाव तपासा आणि ते सगळ्यांच्या मालकीचं ठेवा. त्यासाठी मुंबईहून तज्ज्ञ आणायची गरज नाही. प्रत्येक तालुक्यात मराठीचे, उर्दूचे शिक्षक आहेत. आम्ही बी.एड.ला ध्वनी शिकलो, समानार्थी शब्द शिकलो, लिप्यंतर शिकलो. एका दुपारी, एका मोबाइलवर, नऊ नावं उच्चाराने आणि अर्थाने चाळून बघता येतात. शेवटी वकील लागेल तर लागू दे. त्याच्याकडे जाताना हातात नुसतं नाव नसेल, तपासलेलं नाव असेल.

शिक्षकांनाही एक सांगायचंय. मराठी नि उर्दू शिकून काय मिळतं, असं पालक विचारतात तेव्हा आपण संस्कृती, तहजीब, वारसा असे मोठे शब्द काढतो. त्याऐवजी त्या पालकाला विचारा, तुमच्या गटाच्या लिफाफ्यावर कोणतं नाव आहे आणि ते कुणी तपासलं? पोरींना नववीतच हा शोध करायला लावा. भाषेचा तास वाया जाणार नाही.

त्या गटाने ‘कलम’ सोडलं. दोन दुपारी बसून त्यांनी दोन शब्द जोडले आणि एक नवा शब्द घडवला. तो उच्चाराने तपासला, उर्दूत आणि मराठीत उलटसुलट म्हणून पाहिला, घाऊक बाजारात विचारला. तो इथे लिहीत नाही, कारण अर्ज अजून गेलेला नाही. त्यावर पंधरा जणींच्या सह्या व्हायच्या आहेत आणि त्यातल्या दोघी सध्या लग्नासाठी म्हसळ्याला गेल्या आहेत. कव्हरं मार्चमध्ये छापायला जातात. तोवर वेळ आहे.